माझ्या बाजूचा ब्रेक

सोमवार, ४ मे

आज सहा जणांना गाडी शिकवली आणि सहाही जणांनी मला थकवलं. पहिल्या बाई क्लचवरून पाय उचलायलाच तयार नाहीत. तिसरा पोरगा गिअर बदलताना गिअरकडे बघतो, रस्ता आपला आपण बघून घेईल असा त्याचा समज आहे. उजवा गुडघा संध्याकाळपर्यंत ठणकायला लागतो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून त्याची ही गत झाली.

दुपारी एक वडील मुलाला घेऊन आमच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत आले. मुलाला अठरा पूर्ण होऊन आठवडा झालाय. "सर, पंधरा दिवसांत तयार करा, सोळाव्या दिवशी गाडी येतेय." गाडी आधी, अक्कल मागाहून. मी म्हटलं, तीस दिवस लागतात. ते म्हणाले, "बघा ना काहीतरी." मुलगा खाली मान घालून मोबाइल बघत होता. त्याला गाडी हवी आहे का, हे त्याला कुणी विचारलं असेल असं वाटलं नाही. मी नेहमीचं उत्तर दिलं, की आधी वर्षभर आईबापांनी शेजारी बसावं, मग गाडी घ्यावी. ते ऐकून लोक हसतात. तेही हसले.

घरी आलो तर तोच विषय पुढ्यात. आमच्या लेकीला, खारूला, गुरांच्या दवाखान्यात वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी निवडलंय. एकच जागा, आणि मागे दोघे टपून बसलेले. पोरीने उड्या मारल्या. ही, खारूची आई, शेजारी जाऊन सांगून आली. मग मी पत्र नीट वाचलं. सकाळी सहाला हजर राहायचं, दवाखाना चाळीस किलोमीटरवर, गोठ्यागोठ्यांवर जावं लागेल म्हणून 'उमेदवाराकडे परवाना आणि स्वतःचं वाहन असावं'. होकार किंवा नकार २८ तारखेपर्यंत. पहिली बसच मुळी सहाला सुटते.

परवाना तिच्याकडे सहा महिन्यांपासून आहे. आमच्याच शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी तिला शिकवलं. घरच्या माणसाला आपण शिकवायचं नाही, हा माझा नियम. हिला शिकवायला गेलो होतो तेव्हा ही भर रस्त्यात गाडीतून उतरून चालत घरी आली, तेव्हापासून कानाला खडा. गाडी मात्र आमच्याकडे नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"बाबा, काय करायचं?" खारूने विचारलं. बघू म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे एकोणीस वर्षांत तिला कळलंय. तिने पत्राची घडी घातली.

बुधवार, ६ मे

ही काल रात्रीपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. आज भांडी आवरताना म्हणाली, "जगातल्या सगळ्या पोरांना गाडी शिकवता. आपल्या पोरीची वेळ आली की तुमचा गुडघा दुखतो."

मी तेलाची वाटी घेऊन गुडघा चोळत बसलो.

शुक्रवार, ८ मे

घेतली. शाळेची जुनी पांढरी गाडी मालक काढणारच होते. ती कायम दुसऱ्या मास्तरांकडे असायची, माझी निळी. पांढरी म्हातारी असली तरी तब्येतीने बरी आहे, शिवाय तिला दोन ब्रेक आहेत, एक चालवणाऱ्याकडे आणि एक शेजारी शिकवणाऱ्याच्या पायाशी. खरं सांगायचं तर मी तिला घेतली ती त्या दुसऱ्या ब्रेकसाठी. शोरूममधल्या कुठल्याही गाडीत तो मिळत नाही.

मिस्त्रीकडे नेली. तो गाडीखाली गेला आणि तिथूनच बोलायला लागला, "मास्तर, घरच्या नावावर करायची तर शाळेचं सगळं काढावं लागेल. छतावरची पाटी, मागचा फलक, डबल ब्रेक. नाहीतर तपासणीत अडकेल."

"पाटी काढ, फलक काढ. पॅडल राहू दे."

"पॅडल राहू दे?"

"राहू दे म्हणतो ना."

"बरं," खालून आवाज आला. चांगला माणूस आहे, पण एकदा सांगितलेलं दोनदा विचारतो.

खारूला किल्ली दाखवली, दिली नाही. तिने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागच्या दाराला पोचा आहे, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपलीच वाटते." मला उगीचच भरून आलं.

रविवार, १० मे

गाडी तपासणीत पास होऊन आली. आज पहिला दिवस. निघायच्या आधी मी अट सांगितली. रोज सकाळी दवाखान्याच्या रस्त्याने जायचं, यायचं. मी शेजारी. सलग सात दिवस माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला नाही, तर किल्ली तुझी आणि जा एकटी. एकदा जरी गेला, तर मोजणी पहिल्यापासून. होकार द्यायची तारीख यायच्या आत सात दिवस भरले तर ठीक.

"आणि पाय गेला की नाही हे कोण ठरवणार?" तिने विचारलं.

"पाय माझा आहे."

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि आरसा नीट करायला लागली.

आज तीन वेळा गेला. एकदा चौकात, एकदा वळणावर, एकदा पुढचा टेम्पो थांबला तेव्हा. तिन्हींतलं एकही मोठं नव्हतं, पण मोठं व्हायच्या आधीच दाबायचा असतो. माझ्या बाजूच्या ब्रेकचा धर्मच तो.

या वहीत समासात रोजचा आकडा लिहून ठेवणार आहे. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाप लहरी होता.

मंगळवार, १२ मे

दोनदा.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. निळ्या गाडीचा माझा ब्रेक दगडासारखा घट्ट. दाबला की शिकणारा पुढे आपटतो आणि मग दोन दिवस माझा गुडघा कुरकुरतो. या पांढरीचं पॅडल लोण्यासारखं. पाय टेकतो न टेकतो तोच गाडी हळू व्हायला लागते, झटका नाही की काही नाही. कधी कधी तर वाटतं, माझा पाय पोहोचायच्या आधीच तिला कळतं. हे आधी मिळालं असतं तर गुडघ्याची एवढी वाट लागली नसती.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "गाडीला कळतं, नशीब तिचं."

शनिवार, १६ मे

बुधवारी एकदा गेला होता. गुरुवारपासून आजपर्यंत सलग तीन दिवस नाही. टाच सीटखाली अडकवून बसतो, म्हणजे उठायला वेळ लागतो. पाठ अवघडते, पण अट म्हणजे अट, ती मलाही आहे.

काल परतताना खारू मिस्त्रीकडे हवा भरायला थांबली. मी समोर चहा घेत बसलो. ती दोघं बराच वेळ बोलत होती. गाडीत बसली ती गप्पच. विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. चारही चाकांत हवा बरोबर आहे." तिथून घरापर्यंत मात्र पोरीने गाडी अशी आणली की पाण्याचा भरलेला पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. जे शेजारी बसून सहा दिवसांत जमलं नाही, ते हवा भरल्यावर जमलं म्हणायचं.

आज शाळेत माझा एक जुना विद्यार्थी, तो उंच मुलगा, आला होता. मिठाईचा पुडा घेऊन, बहिणीचं लग्न ठरलं म्हणून. "सर, ओळखलंत ना?" ओळखलं. न ओळखून कसं चालेल? सहा वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनीही त्याच्यासाठी गाडी आधी आणली होती आणि मला म्हणाले होते, सर, बघा ना. मी बघितलं. बाराव्या दिवशी शिकल्याच्या दाखल्यावर शिक्का मारून दिला. पोरगा हुशार होता, हात चांगला होता, मला वाटलं निभेल. तीन आठवड्यांनी गाडी भिंतीत गेली. जीव वाचला, पाय तेवढा वाचला नाही. आता काठी घेऊन चालतो आणि मला सर म्हणून हाक मारतो, तेही हसून. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझा पाय लवकर जातो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पण मी तर पाणीही फुंकून प्यायला लागलोय. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. हिला माहीत असेल. हिला सगळंच माहीत असतं.

सोमवार, १८ मे

मोडला. काल चौथा दिवसही चांगला गेला, आणि आज पाचव्या दिवशी पुलाच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. टाच सीटखाली होती तरी पाय सुटून पॅडलवर गेलाच. गाडी थांबली, कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं.

"मी आधीच दाबला होता, बाबा," खारू म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात. बावीस वर्षं ऐकतोय. मी दाबला होता, मी दाबणारच होतो, माझा पाय तिथेच होता."

"पण बाबा, खरंच तुमचा ब्रेक..." आणि ती एकदम थांबली. खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"माझा ब्रेक काय?"

"काही नाही. चला, उशीर होतोय."

चूक पटली असावी. मला हीच गोष्ट तिची आवडते, वाद घालते पण ताणत नाही. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आजपासून धरून २८ पर्यंत दिवस कमी उरले आहेत, पण गणित अजून जमतं.

गुरुवार, २१ मे

परवा दोनदा, काल एकदा, आज एकदा. आज ही मागच्या सीटवर बसली होती, बाजारात उतरायचं म्हणून. मी सवयीने सांगत होतो: पुढे सायकल, डावीकडे गल्ली, हॉर्न नको, आता वेग कमी. ही थोडा वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज बघायला मिळालं."

खारू खुदकन हसली. मला राग आला आणि रागात पाय गेला. तो आजचा एक. तो धरावा की नाही यावर मी दिवसभर विचार केला. धरला. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा.

उतरताना ही माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, ती चांगली चालवते. तुम्ही बघतच नाही तिच्याकडे. तुम्ही रस्त्याकडेच बघता." शिकवणाऱ्याने रस्त्याकडे नाही बघायचं तर कुणाकडे बघायचं? मला हिचं बोलणं कधी कधी समजत नाही. आणि समजून घ्यायला हल्ली दम उरत नाही.

सोमवार, २५ मे

आजचं अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पावणेसहा. रस्ता रिकामा. पुढे थांब्यावर बस उभी. आम्ही बाजूने निघालो आणि बसच्या पुढून, न बघता, दोन हातांत दोन पिशव्या घेऊन एक बाई थेट रस्त्यात. मी पॅडल तळापर्यंत दाबलं. एवढ्या जोरात बावीस वर्षांत कधी दाबलं नव्हतं. गाडी थांबली तेव्हा त्या बाईत आणि गाडीत दोन हातांचं अंतर होतं. पिशव्या खाली पडल्या, बाई आम्हालाच बोलायला लागली. खारू उतरली, तिचं सामान गोळा करून दिलं, तिला पलीकडे सोडून आली. मी उतरू शकलो नाही. पाय पॅडलवरून उचलवतच नव्हता.

घरी आल्यावर हिने चेहरे बघून विचारलं. मी म्हटलं, "वाचलो. माझा पाय होता म्हणून. नाहीतर आज काय झालं असतं..."

खारूने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं, आभार मानायचे होते, पण शब्द फुटला नसेल. मग ती आत जाऊन किती तरी वेळ तोंड धूत होती.

संध्याकाळी मी निकाल सांगून टाकला. किल्ली नाही. दवाखान्याला नकार कळव. एवढी मोठी पोर झाली, रागावेल, आरडाओरडा करेल अशी तयारी ठेवून बोललो होतो. ती फक्त "बरं" म्हणाली. ते बरं मला आरड्याओरड्यापेक्षा जड गेलं.

विचित्र गोष्ट, गुडघा दुखत नाहीये. एवढा जोर लावूनही नाही.

मंगळवार, २६ मे

खारूने नकाराचं पत्र लिहिलं. चार ओळींचं. टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, शुद्धलेखन बघून द्या. गुरुवारी नेऊन देते बसने."

शुद्धलेखन बरोबर होतं. 'काही घरगुती कारणाने' असं लिहिलं आहे. ते घरगुती कारण म्हणजे मी.

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ही जेवण वाढते, आम्ही जेवतो, पाण्याचा तांब्या मागायचा झाला तरी हात पुढे करतो. मी बरोबर केलं याची मला खात्री आहे. खात्री असलेला माणूस इतका दमलेला का असतो, कळत नाही.

बुधवार, २७ मे

हे नीट लिहून काढायला हवं. नाहीतर उद्या मीच माझ्या सोयीने आठवीन.

दुपारी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. मालक म्हणाले होते, नको असेल तर एक गिऱ्हाईक आहे. म्हटलं विकण्याआधी एकदा बघून घ्यावी. मिस्त्रीला म्हणालो, "बाकी काही असो, तुझ्या डबल ब्रेकने परवा एका बाईचा जीव वाचवला."

तो नट पिळता पिळता थांबला. "कुठला डबल ब्रेक?"

"ह्याच गाडीचा."

"मास्तर, ह्या गाडीला डबल ब्रेक नाही. तुम्ही पॅडल राहू दे म्हणालात, मी पॅडल राहू दिलं. वायर त्याच दिवशी काढली. जोडलेला असता तर तपासणीत पास कशी झाली असती?" हात पुसून त्याने आतून वायरचं वेटोळं आणून दाखवलं. "ही बघा. तुम्हाला पाय ठेवायला बरं वाटत असेल असं मला वाटलं. तुमच्या लेकीला सांगितलं होतं की मी, ती हवा भरायला आली तेव्हा. सांगते म्हणाली बाबांना."

मी तिथल्याच टायरवर बसलो. मिस्त्रीने पाणी दिलं. मग मी गाडीत जाऊन माझं पॅडल हाताने दाबून बघितलं. खाली गेलं, वर आलं. नुसती स्प्रिंग.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. समासातले आकडे मिळवले. सोळा वेळा. सोळा वेळा मी पायाखाली काहीही नसताना गाडी थांबवली. मी या वहीत खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि त्यातलं एकही खरं नाही. चौक, वळण, टेम्पो, कुत्रं, ती बाई, सगळं खारूने थांबवलं. आणि मी दर वेळी ते तिच्याच नावावर उणं मांडत गेलो.

संध्याकाळी तिला समोर बसवलं.

"तुला माहीत होतं."

ती लगेच समजली. "पंधरा तारखेपासून."

"मग बोलली का नाहीस? एक वाक्य बोलली असतीस तर किल्ली तुझी होती."

"नव्हती, बाबा. तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन वायर जोडून आणली असती."

मी विचार केला. आणली असती. त्याच संध्याकाळी आणली असती.

"पॅडलच काढायला लावायचं होतंस मग."

"मग तुम्ही स्टेअरिंगला हात घातला असता. आईच्या वेळी घातला होतात ना?"

"मला यात ओढू नका," ही आतून म्हणाली. म्हणजे सगळं ऐकत होती.

"आणि परवा?" मी विचारलं. "ती बाई पुढ्यात आली तेव्हा?"

खारू नखाने टेबलाचा कोपरा खरवडत होती. "तेव्हा मला माहीत होतं ना, की ब्रेक एकच आहे. पंधरा तारखेपासून मी त्याच हिशेबाने चालवते."

मला तेव्हा तो भरलेल्या पेल्यासारखा परतीचा रस्ता आठवला. तरी राग होताच कुठेतरी. म्हणालो, "एवढं सगळं माहीत असून नकाराचं पत्र का लिहिलंस? वाद तरी घालायचास."

"कारण तुम्ही दाबलंत. वायर असो नाहीतर नसो, तुम्ही परवाही जीव खाऊन दाबलंत. मी गोठ्यात गाईला इंजेक्शन देत असणार आणि तुम्ही इथे दिवसभर असा पाय दाबून बसणार." तिने तिचा पाय जमिनीवर दाबून दाखवला. "ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा नकोच म्हटलं."

मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो. पोरीला वाटलं मी तिच्यावर रागावलो, ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग मी तिला उंच मुलाबद्दल सांगितलं. शिक्क्याबद्दल, बाराव्या दिवसाबद्दल, सगळं. सहा वर्षांत पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. ही दारात येऊन ऐकत होती. हिला माहीत होतं, मला वाटलंच होतं.

खारूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, पण मी तो मुलगा नाही."

एवढं साधं वाक्य. मी तिच्याकडे बघितलं. खरंच नाही.

गुरुवार, २८ मे

नकाराचं पत्र फाडलं नाही, ते तिचं अक्षर आहे. वहीत ठेवलं. होकार द्यायला तिघंही गेलो. मी मागच्या सीटवर, ही पुढे. पुढे बसायला मला कुणी मनाई केली नव्हती, मीच बसलो नाही.

मागे बसूनही पाय जातोच. दोनदा पुढच्या सीटला लागला. ही मागे न बघता म्हणाली, "अहो, माझी पाठ आहे ती."

आज पहिल्यांदा मी रस्त्याऐवजी खारूकडे बघत होतो. आरशातून दिसते तेवढी. डोळे पुढे, मग आरशात, मग बाजूला, मग पुढे. एखाद्या चौकाच्या बऱ्याच आधी खांदा किंचित सैल होतो आणि गाडी हळू होते. माझ्या तोंडात 'हळू' येईपर्यंत ती हळू झालेली असते. लहानपणी तिला शाळेत सोडताना मी मोठमोठ्याने बोलत चालायचो, चेंडू आला की मागून मूल येतं, उभ्या बसच्या पुढून माणूस येतो. ती ऐकत असेल असं कधी वाटलं नव्हतं. तिचं लक्ष बिस्किटांत असायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला आणि खारूला विचारलं, "रोज एकटी येणार ना? की बाबा?"

खारूने माझ्याकडे पाहिलं नाही. "एकटी," म्हणाली.

सोमवार, १ जून

सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गेली. हिने डबा दिला. मी किल्ली दिली आणि सांगितलं, पोहोचलीस की फोन कर. फाटकापर्यंत गेलो नाही. आत बसून आवाज ऐकला. पहिला गिअर, दुसरा, मग वळणावर तिसरा, मग काही नाही.

सहा वाजले, साडेसहा वाजले, फोन नाही. आठला मी निळी गाडी घेऊन कामाला लागलो. पहिल्या बाईंनी आज क्लच सोडला, चक्क सोडला, गाडी चालली, आणि मला त्यांना शाबास म्हणायचं भान नव्हतं. अकराला घरी फोन केला. ही म्हणाली, "नाही आला. कामात असेल. काही झालं असतं तर आला असता." हे खरं आहे. वाईट बातमी कधी वाट बघायला लावत नाही. पण दोन वाजता मी शिकणाऱ्याला बाजूला गाडी घ्यायला लावली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. तो बिचारा विचारत होता, "सर, माझं काही चुकलं का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी स्वतः फोन करू शकत होतो. चालवताना उचलायला जाईल, या भीतीने नाही केला.

साडेपाचला आली. विजार गुडघ्यापर्यंत शेणाने भरलेली, केसांत गवत. दारातूनच सुरू झाली, "आई, अगं वासरू अडलं होतं, पाय आधी आले होते, डॉक्टरांनी मला हात घालायला लावला, आत, कोपरापर्यंत..." हिने नाक दाबलं आणि हसत सुटली. मी पांढरी गाडी बघून आलो. जशी गेली तशी आली होती. मागचा जुना पोचा सोडून एक ओरखडा नाही.

"फोन करणार होतीस," मी म्हटलं.

तिने कपाळावर हात मारला, शेणाचाच. "विसरलेच! बाबा, पूर्ण विसरले."

"वाटेत काही? पुलाजवळ? थांब्यापाशी?"

"काही नाही. गेले आणि आले."

मला थांबता आलं नाही. विचारलं, "चालवताना माझी आठवण झाली का? मी काय सांगितलं असतं, वगैरे?"

ती प्रामाणिक पोरगी आहे. उभी राहून खरंच आठवून बघितलं. "नाही हो बाबा. एकदाही नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "वाईट वाटलं?"

मी नाही म्हटलं. शाळेत नवे मास्तर लागतात तेव्हा मीच त्यांना सांगतो, की शिकलेला माणूस शेजारच्याला विसरला, की समजा त्याला गाडी आली. सांगायला सोपं असतं. आज दिवसभर मी जिची आठवण काढत होतो, तिने मला एकदाही आठवलं नाही, आणि ती धडधाकट घरी आली. दोन्ही गोष्टी एकदम सोसायला माणूस जरा ताजा हवा, मी फार दमलोय.

खारू जेवता जेवताच पेंगायला लागली. उद्या पुन्हा पाचला निघणार. ही घड्याळ घेऊन आली आणि म्हणाली, "तुमचाही गजर लावू का?"

मी म्हटलं, नको.